पाचामुखी परमेश्वर, पण पाची मुखांना एकानेच पढवलं असेल तर?

खारेदाणे

आमच्या सोसायटीत २३ सभासद. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये बी विंगच्या वरच्या दोन मजल्यांवर भिंतींना ओल धरली. विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. विषय एकच: ओल कुठून येते. तासभर वादावादी झाली आणि मग हात वर. गच्चीतून येते म्हणणारे १९. तटस्थ ३. टाकीवरून खाली येणाऱ्या, भिंतीत गाडलेल्या पाइपमधून येते म्हणणारे १.

हे एक म्हणजे पहिल्या मजल्यावरचे आजोबा, पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सभेत एकच प्रश्न विचारला होता, "मे महिन्यात ही भिंत कशी होती, कोणी हात लावून पाहिलाय का?" कोणीच पाहिलं नव्हतं. कोणीतरी म्हणालं, आजोबा, चहा थंड होतोय. ठराव बहुमताने मंजूर. सेक्रेटरी मी, इतिवृत्त लिहिणारा मी आणि त्या १९ हातांतला एक हातही माझाच.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, माणशी १८,००० रुपये. पुढच्या एप्रिलमध्ये, आभाळात ढगाचा तुकडा नसताना, भिंत पुन्हा ओली. प्लंबरने प्लास्टर फोडलं. आत पाइपचा एल्बो, म्हणजे वळणावरचा जोड, तडकलेला.

नंतर सभेच्या आदल्या दोन दिवसांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे मेसेज वाचले. गच्चीची गोष्ट सगळ्यात आधी वॉटरप्रूफिंगवाल्यानेच काढली होती. त्याने गच्चीतल्या भेगांचा फोटो पाठवला, एकाने तो ग्रुपवर टाकला आणि खाली अंगठे पडत गेले. सभेत आम्ही १९ जणांनी जे सांगितलं ते त्याचंच म्हणणं.

तर प्रश्न असा: ज्या गोष्टीला बरोबर उत्तर असतं, तिथे बहुमतावर किती भरवसा ठेवावा? निवडणुका, पक्ष, आघाड्या इथे आणू नका ही हात जोडून विनंती.

दुपारची_झोप

पहिला मीच! अवांतर: वॉटरप्रूफिंगची वॉरंटी किती वर्षांची होती?

खारेदाणे

दहा. गच्ची गळत नाहीये, त्यामुळे वॉरंटी शाबूत आहे.

साडेसतरा

यावर गणित आहे आणि जुनं आहे. फ्रान्समध्ये कोंदोर्से नावाचा गणिती होता. त्याने १७८५ साली नेमका हाच प्रश्न घेतला: पंच मंडळी बहुमताने निर्णय देतात तेव्हा तो बरोबर असण्याची शक्यता किती?

समजा प्रत्येक जण दहापैकी सहा वेळा बरोबर ठरतो, म्हणजे नाणेफेकीपेक्षा थोडा बरा. अशा तिघांचं बहुमत सुमारे ६५ टक्के वेळा बरोबर निघतं. नऊ जण घेतले तर ७३ टक्के, २५ घेतले तर ८५ आणि १०१ घेतले तर जवळपास ९८. साधी साधी माणसं गोळा करून तज्ज्ञ तयार! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जादू वाटली होती.

आता ६० च्या जागी ४० टाका. म्हणजे प्रश्नच असा फसवा की माणूस चुकीकडे झुकतो. तिघांचं बहुमत ३५ टक्के बरोबर, नऊ जणांचं २७, पंचवीसांचं १५ आणि १०१ जणांचं २. लोक वाढवत जाल तशी चूक पक्की होत जाते. ऑस्ट्रेलियाची राजधानी कोणती हे लग्नाच्या पंगतीत विचारून बघा. पंगत जितकी मोठी तितकी सिडनीची खात्री जास्त, आणि खरी राजधानी कॅनबेरा.

तुमच्या भिंतीचं तेच झालं असावं. पावसाळा, वरचा मजला, ओल... मन आपोआप गच्चीकडे जातं.

खारेदाणे

म्हणजे २३ ऐवजी १०० सभासद असते तर आणखी छातीठोकपणे चुकलो असतो?

साडेसतरा

हो. आणि एक अट सांगायची राहिली. हे सगळं प्रत्येकाने स्वतंत्र मत बनवलं असेल तरच. तुमच्याकडे १९ जणांनी एकाच कंत्राटदाराचं ऐकलं. तो ६० टक्के बरोबर असेल तर तुमचं बहुमतही ६० टक्केच बरोबर, मग हात १९ असोत की १,९००.

शेंगदाणा

लहानपणी ऐकलेली पंचतंत्रातली बोकडाची गोष्ट आठवा. ब्राह्मण खांद्यावर बोकड घेऊन चाललाय. तीन ठग थोड्याथोड्या अंतरावर भेटतात आणि काहीबाही सांगून हा बोकड नव्हेच असं त्याला पटवतात. शेवटी तो बोकड टाकून पळतो. शाळेत आम्हाला तात्पर्य सांगितलं, ठगांपासून सावध राहा. पण ब्राह्मणाने केलं ते अगदीच बावळटपणाचं नव्हतं हो. वेगवेगळ्या ठिकाणी भेटलेली तीन अनोळखी माणसं एका सुरात बोलतायत, तर आपले डोळे चुकत असतील असं कोणालाही वाटेल. ते तिघे आधी एकत्र बसले होते हे त्याला माहीत नव्हतं, एवढंच.

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात हेच अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर करून पाहिलं. रेघांची लांबी ओळखायची, उत्तर समोर ढळढळीत दिसतंय. पण खोलीतले बाकीचे सगळे पढवलेले, ठरवून चुकीचं उत्तर देणारे. अशा फेऱ्यांत खऱ्या उमेदवारांची साधारण एक तृतीयांश उत्तरं गर्दीच्या मागे गेली. एरवी एकट्याने लिहून दिलं तर चूक जवळजवळ होतच नव्हती. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खोलीत एकाने जरी बरोबर उत्तर दिलं तरी गर्दीमागे जाण्याचं प्रमाण धाडकन खाली यायचं. तुमच्या आजोबांना एक सोबती मिळायला हवा होता.

वकिलीणबाई

धागा वाचून नानावटी खटला आठवणार नाही असा मुंबईचा वकील नसेल. २७ एप्रिल १९५९ ला नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या. सत्र न्यायालयात नऊ सामान्य नागरिकांची ज्युरी बसली आणि ८ विरुद्ध १ अशा बहुमताने निकाल दिला, निर्दोष.

आठास एक म्हणजे केवढं बहुमत! साडेसतरांच्या गणिताने तर हे सोन्यासारखं खात्रीचं हवं. पण सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना हा कौल पुराव्याला धरून वाटला नाही. पुरावा पाहून कोणीही समंजस माणूस असा निष्कर्ष काढणार नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं. उच्च न्यायालयाने खुनाबद्दल दोषी धरून जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

'ब्लिट्झ' साप्ताहिक नानावटींच्या बाजूने उघड मोहीम चालवत होतं, शहरभर तीच चर्चा. ते नऊ जण आकाशातून पडलेले नव्हते. कोणाच्या मनात काय होतं ते कोणी सांगू शकत नाही, पण अशा हवेत बसलेली नऊ डोकी ही नऊ वेगळी मतं धरायची का, हा प्रश्न राहतोच. शिवाय उच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट दाखवली, जी चर्चेत फारशी येत नाही. न्यायाधीशांनीच ज्युरीला कायदा समजावताना चुका केल्या होत्या. एकाच्या तोंडून आलेलं चुकीचं मार्गदर्शन, ते नवांनी ऐकलं. खारेदाण्यांचा कंत्राटदार इथेही आहे म्हणा ना, फक्त सद्हेतूचा.

नानावटींमुळे भारतातली ज्युरी बंद पडली हे मात्र अर्धवट खरं आहे. विधी आयोगाने आपल्या १४व्या अहवालात, १९५८ मध्येच, ज्युरी मोडीत काढायची शिफारस केली होती. तेव्हा ती गोळी सुटायची होती. नंतरही काही ठिकाणी ज्युरी चालू राहिली आणि १९७३ च्या नव्या संहितेने तिला जागाच ठेवली नाही. एक अवशेष आहे: पारशी विवाह न्यायालय. तिथे न्यायाधीशांबरोबर समाजातले डेलिगेट बसतात आणि वस्तुस्थितीच्या प्रश्नांवर त्यांचं बहुमत चालतं.

तळ्यातमळ्यात

सगळे बहुमताला झोडपताय म्हणून मुद्दाम उलटं लिहितो. बहुमत हे सत्य शोधायचं यंत्र आहे असं कोणी सांगितलं? माणसं एका इमारतीत राहतात, उद्याही एकमेकांची तोंडं बघायची आहेत. १९ जणांनी ठरवलं आणि चुकलं, तर १९ जण मिळून भोगतील. आजोबांनी एकट्याने ठरवलं असतं आणि ते चुकले असते तर? त्यांना सोसायटी सोडावी लागली असती.

रंग कुठला द्यायचा, गणपती किती दिवसांचा ठेवायचा, याला बरोबर उत्तर नसतंच. तिथे हात वर करा आणि मोकळे व्हा.

खारेदाणे

रंगाबद्दल सहमत. पण पाइप फुटलाय की नाही हा रंगाचा प्रश्न नाही ना. आमची खरी चूक तीच झाली असं आता वाटतं. 'ओल कुठून येते' आणि 'खर्च करायचा का' हे दोन प्रश्न आम्ही एकाच हाताने सोडवले. दुसरा आमचा होता. पहिला पाण्याचा होता.

निमूट

रोमातून (नुसतं वाचत बसण्यातून) बाहेर येतोय, लिहिणं भाग आहे. सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे यंत्रांनाही मतदान करायला लावतात.

अमेरिकेच्या स्पेस शटलमध्ये उड्डाण सांभाळणारे चार संगणक एकच प्रोग्रॅम चालवायचे आणि एकमेकांशी उत्तरं ताडून पाहायचे. एक वेगळं बोलू लागला तर तो बाद. पण चौघांत प्रोग्रॅम एकच! त्यात चूक असेल तर चौघे एकमताने चुकणार. म्हणून पाचवा संगणक ठेवला होता, ज्याचा प्रोग्रॅम वेगळ्याच चमूने लिहिलेला. चार हार्डवेअर बिघाडासाठी, पाचवा माणसाच्या चुकीसाठी.

पुढची गोष्ट मला जास्त भिववते. नाइट आणि लेव्हसन या दोन संशोधकांनी १९८६ मध्ये एक प्रयोग छापला. दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांकडून एकाच कामाचे २७ प्रोग्रॅम लिहून घेतले, प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहायचं, एकमेकांशी बोलायचं नाही. मग दहा लाख चाचण्या. एकेक प्रोग्रॅम फार क्वचित चुकत होता. पण जिथे चुकले तिथे पुष्कळदा दोघे, तिघे, कधी त्याहून जास्त एकदमच चुकले. निव्वळ योगायोगाने होईल त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा. कोणी कोणाची नक्कल केली नव्हती. प्रश्नातला जो कोपरा अवघड होता, तो बऱ्याच जणांना अवघड गेला.

तेव्हा 'आपसात बोलू नका' एवढ्याने स्वतंत्र मतं मिळतात असं समजू नका. कंत्राटदाराचा फोटो ग्रुपवर आला नसता तरी तुमचे १५ हात गच्चीकडेच गेले असते, असं माझं मत.

साडेसतरा

@निमूट, कडक प्रतिसाद. माझ्या गणिताच्या मुळावरच आलात, पण मान्य.

तरी स्वतंत्रपणाची बाजू लावून धरतो. गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाचा बैल सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्यातली एक बारीक गोष्ट निसटते. १९०६ मध्ये इंग्लंडात प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात बैलाचं कापून-सोलून वजन किती भरेल याची पैज होती. ७८७ चिठ्ठ्या वाचण्याजोग्या निघाल्या. मधली चिठ्ठी १,२०७ पौंडांची, खरं वजन १,१९८. एक टक्क्याच्या आत! गाल्टनने मधली चिठ्ठी का धरली, तर दुसरा कुठलाही आकडा पुढे केला की निम्म्याहून जास्त लोक तो फार कमी किंवा फार जास्त म्हणून नाकारतील. म्हणजे तो बहुमताचाच कौल होता.

निसटणारी गोष्ट ही: प्रत्येकाने सहा पेन्स मोजून आपली चिठ्ठी आपण भरली होती, बक्षिसाच्या आशेने. भाषण देऊन शेजाऱ्याला पटवण्यात कोणाचाच फायदा नव्हता.

वैनगंगा

मी गडचिरोलीकडची. आमच्या भागातलं मेंढा-लेखा हे गाव बहुतेकांनी 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे ऐकलं असेल. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेत हात मोजत नाहीत. निर्णय सर्वसहमतीनं. एखाद्याचं मन तयार नसेल तर विषय पुढच्या सभेवर.

हे ऐकून शहरातले लोक म्हणतात, मग निर्णय होतात कसे? होतात, कारण ग्रामसभेच्या आधी अभ्यासगट बसतो. त्यात बाहेरचा माणूस येऊ शकतो, माहिती आणू शकतो, वाद घालू शकतो. निर्णय मात्र अभ्यासगट घेत नाही, गाव घेतं. शिकायची जागा वेगळी, ठरवायची वेगळी. खारेदाणे, तुमच्या सभेत दोन्ही एका तासात उरकलं आणि त्यातही चहा होता.

तळ्यातमळ्यात

सर्वसहमती ऐकायला गोड आहे. पण शेवटचा माणूस पटला म्हणून गप्प बसला की कंटाळून, हे कसं कळणार? आमच्या घरी दर दिवाळीला सर्वसहमतीने चिवडाच होतो, मला शेव आवडते.

वैनगंगा

कळत नाही कधी कधी, खरंय. पण पुढे ढकलता येतं हे माहीत असलं की कंटाळून मान हलवायची घाई राहत नाही. बाकी शेव तुमची तुम्ही करा.

वकिलीणबाई

एकमताबद्दल यहुदी परंपरेत एक चक्रावून टाकणारा नियम आहे. तालमुद या त्यांच्या धर्मग्रंथात एक मत असं नोंदलंय की देहदंडाच्या खटल्यात सगळ्याच न्यायाधीशांनी आरोपीला दोषी ठरवलं तर त्याला सोडून द्यावं. बचावाचा एक शब्दही कोणाला सुचू नये, म्हणजे नीट विचारच झालेला नाही! इंग्लंडात मात्र उलट प्रवास. शतकानुशतकं ज्युरीचं एकमत लागायचं, १९६७ पासून १२ पैकी १० चालतात.

प्यादं

बुद्धिबळवाल्याकडून एक उलटं उदाहरण. १९९९ मध्ये तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्ह विरुद्ध जग असा डाव इंटरनेटवर झाला. ७५ हून जास्त देशांतले ५०,००० वर लोक, प्रत्येक चालीला मतदान, ज्या चालीला सर्वांत जास्त मतं ती जगाची चाल. सगळ्यांना वाटलं २० चालींत जगाचा खुर्दा होणार. डाव ६२ चालींपर्यंत गेला. कास्पारोव्ह जिंकला, पण घाम गाळून.

आता गंमत बघा. जग इतकं चांगलं खेळलं ते मतं स्वतंत्र होती म्हणून नाही. चाली सुचवणारे चार तरुण खेळाडू नेमले होते, त्यांतली इरिना क्रश १५ वर्षांची. ती आणि तिच्याभोवती जमलेले लोक चर्चेच्या फळ्यावर रात्रंदिवस विश्लेषण टाकायचे आणि बरेचसे लोक तिने सुचवलेल्या चालीला मत द्यायचे. ५०,००० लोकांनी स्वतःच्या अकलेने मत दिलं असतं तर डाव माझ्यासारखा झाला असता. म्हणजे एकाच्या मागे जाणं वाईट नाही. कोणाच्या मागे आणि त्याने आपली आकडेमोड सगळ्यांसमोर मांडली का, ते बघायचं. क्रश मांडत होती. वॉटरप्रूफिंगवाल्याने फोटो पाठवला.

शेंगदाणा

+१. आणि आजोबांनीही मांडलं होतं, मे महिन्याचा प्रश्न विचारून. त्यांना चहा मिळाला.

निमूट

अजून एक पेच टाकतो. समजा सोसायटीने तिघांची समिती नेमली. दोन प्रश्न: गच्चीला खोल भेगा आहेत का? ओल फक्त पावसाळ्यातच येते का? दोन्हीला हो असेल तरच दोष गच्चीचा.

पहिला म्हणतो हो आणि हो, म्हणजे गच्ची. दुसरा म्हणतो भेगा आहेत, पण ओल बारा महिने, म्हणजे गच्ची नव्हे. तिसरा म्हणतो ओल पावसाळ्यातच, पण भेगा वरवरच्या, म्हणजे गच्ची नव्हे. आता मोजा. भेगा आहेत: दोन विरुद्ध एक. ओल पावसाळ्यातच: दोन विरुद्ध एक. मग दोष गच्चीचा? सरळ विचारलं तर एक विरुद्ध दोन, नाही!

तिघांपैकी कोणीही विसंगत बोललेला नाही, बहुमत मात्र स्वतःशीच भांडतंय. तेव्हा मतदान कारणांवर घ्यायचं की निष्कर्षावर, हे जो ठरवतो तोच बऱ्याचदा निकालही ठरवतो. म्हणजे सेक्रेटरी. :)

खारेदाणे

आता झोप उडाली माझी.

वकिलीणबाई

@खारेदाणे, एक विचारू? आजोबांचं म्हणणं तुम्ही इतिवृत्तात लिहिलं होतंत का?

खारेदाणे

नाही. 'ठराव बहुमताने मंजूर' एवढंच. विरोधात १ हा आकडा आहे, कारण नाही.

वकिलीणबाई

तिथे मला तुमचा राग येतो, स्पष्ट बोलते. १९७६ मध्ये, आणीबाणीत, सर्वोच्च न्यायालयाने एडीएम जबलपूर खटल्यात ४ विरुद्ध १ असा निकाल दिला की स्थानबद्ध माणूस आपल्या अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागू शकत नाही. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी त्याआधी उलट भूमिका घेतली होती. पाचांतले एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात गेले आणि त्यांनी कारणांसह लिहून ठेवलं. पुढच्या वर्षी त्यांना डावलून कनिष्ठ न्यायाधीशाला सरन्यायाधीश केलं, खन्नांनी राजीनामा दिला.

त्या चौघांत आपले न्या. यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल रद्दबातल ठरवला आणि तसं ज्या निकालपत्रात लिहिलं ते त्यांच्या मुलाचं, न्या. धनंजय चंद्रचूडांचं. ४१ वर्षांनी परत जाऊन चूक दुरुस्त करायला काहीतरी हाताशी होतं, कारण पाचव्या माणसाचं म्हणणं कागदावर होतं. तुमच्या सोसायटीत एप्रिलमध्ये भिंत ओली झाली तेव्हा मागचं इतिवृत्त काढून कोणाला काय कळलं असतं?

खारेदाणे

काही नाही. बरोबर आहे. कान पकडले.

(दोन आठवड्यांनी)

मुद्दाम धागा वर काढतोय. गेल्या रविवारी पुन्हा सभा होती. आता लिफ्ट मध्येच अडकते. ग्रुपवर या विषयावर काहीही टाकायचं नाही असं आधीच सांगितलं होतं, तरी एकाने टाकलंच, तो मेसेज काढायला लावला. सभा सुरू होताच, चर्चेच्या आधी, सगळ्यांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या: दोष कशात, आणि तुम्हाला हे कशावरून वाटतं. 'माहीत नाही' लिहिलेलं चालेल.

२० जण आले होते. मोटर ६, कंट्रोल पॅनल ५, माहीत नाही ९. 'कशावरून' या रकान्यात मोटरवाल्या सहापैकी चौघांनी लिहिलं होतं, 'सगळे म्हणतात'. एका चिठ्ठीवर जुन्या वळणाचं सुरेख अक्षर होतं: 'माहीत नाही. लिफ्ट हा माझा विषय नव्हे.' सही नव्हती, पण अक्षर आम्ही सगळे ओळखतो.

मतदान घेतलंच नाही. एकमेकांना न ओळखणारे दोन मेकॅनिक बोलवायचं ठरलं, एक मंगळवारी, एक शुक्रवारी. चिठ्ठ्यांवरचं सगळं इतिवृत्तात उतरवलंय, त्याला दोन पानं जास्त लागली.

दुपारची_झोप

मग मंगळवारवाला काय म्हणाला?

खारेदाणे

येऊन गेला. काय म्हणाला ते शुक्रवारपर्यंत सांगणार नाही. आमच्या सोसायटीतले दोघे जण हा धागा वाचतात.